दोन सरदारांचा एक मासा

मंगरू ओसरीत जाळं शिवत बसला होता. कोतवाल कवडू आला, मडक्यातलं पाणी आपल्याच हाताने घेऊन प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "भंडाऱ्याचा मोठा साहेब येऊन राहिला. तुया मासा पाहाले."

सुई जाळ्यात जायची ती मंगरूच्या अंगठ्यात गेली.

"माया कायचा मासा?"

"मानाचा मासा गा! तो कोनाच्या घरी जाते, ते साहेब सोताच्या डोळ्यानं पायनार. ज्याच्या घरी मासा, त्याची सरदारकी. एका दिवसात निकाल!"

कवडूला वाटलं होतं, बातमी आणल्याबद्दल निदान चहा तरी मिळेल. पण मंगरू अंगठा तोंडात धरून नुसता बसून राहिला. सोनबोडी गावात या निकालाची वाट दोनच माणसं बघत होती. बाकीचा सगळा गाव तो लागू नये म्हणून जिवाचं रान करत आला होता.

ती दोन माणसं म्हणजे दादाजी सरदार आणि पुंडलिकराव सरदार. एकमेकांचे चुलतभाऊ, घरं तलावाच्या दोन टोकांना, आणि बोलणं बंद. सरदारकीची कथा अशी की फार पूर्वी नागपूरचे राजे शिकारीला आले आणि साकोलीच्या रानात वाट चुकले. तेव्हा यांच्या खापरपणजोबांनी त्यांना गावच्या तलावातला रोहू रांधून घातला. राजांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "वा, सरदार!" ती पदवी होती की नुसतं कौतुक, हे राजांना विचारायची कोणाची छाती झाली नाही. खापरपणजोबा मात्र दुसऱ्या दिवसापासून पागोटं बांधायला लागले.

पुढे आजोबांनी दोन लग्नं करून घोळ घातला. दादाजींचे वडील आधी जन्मले, पण धाकट्या बायकोच्या पोटी. पुंडलिकरावांचे वडील नंतर जन्मले, पण थोरल्या बायकोच्या पोटी. आता खरा सरदार कोण? दोन्ही घरांनी याचं उत्तर आपापल्या सोयीने दिलं आणि भांडण सुरू झालं. मालगुजारी गेली, राजांचे तनखे गेले, दिल्लीच्या सरकारने त्यांच्या पदव्याही पुसून टाकल्या. पण सोनबोडीची सरदारकी कोणाला पुसता आली नाही, कारण ती मुळात कुठे लिहिलेलीच नव्हती.

लिहिलेली नव्हती, तरी ती दरवर्षी दिसायची. होळी झाली, तलावाचं पाणी ओसरलं, की गावचे ढीवर पहिलं जाळं टाकत. पहिला मोठा मासा मानाचा. त्याच्या डोक्याला कुंकू लावायचं, सुपात पळसाची पानं अंथरून त्यावर तो ठेवायचा आणि सरदाराच्या दारात न्यायचा. सरदाराने या दिवशी तलावाकडे फिरकायचं नाही. त्याने घरात बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून राहायचं आणि मासा दारात आला, की जणू काही लक्षातच नव्हतं अशा चेहऱ्याने "आनला का?" एवढंच विचारायचं.

सरदाराने तलावावर यायचं नाही, या एका नियमावर मंगरूच्या घराण्याचा सगळा कारभार उभा होता. कारण दरवर्षी पहिला मासा दोन असायचा. मंगरूच्या बापापासूनची ही रीत होती. पाण्यात दोन डोंगे, दोन जाळी, दोन मासे. एक सूप घेऊन मंगरू पुंडलिकरावांकडे जायचा. दुसरं सूप घेऊन त्याची बायको सखाबाई त्याच वेळी दादाजींकडे पोचायची. दोन्ही सरदार बंगईवर बसून मनातल्या मनात दुसऱ्याची कीव करायचे. गावाला सगळं ठाऊक होतं. पण लहान पोरालाही कधी ते बोलून दाखवावंसं वाटलं नाही, हे सोनबोडीचं मोठेपण. शेजारच्या गावात एवढं गुपित आठवडाभर टिकलं नसतं.

मंगरूलाही हे काही हौसेने करायचं नव्हतं. तलाव आता ग्रामपंचायतीचा होता. ढिवरांच्या सोसायटीला तो दरवर्षी पंचायतीच्या ठरावाने मिळायचा आणि पंचायतीत निम्मी माणसं दादाजींची, निम्मी पुंडलिकरावांची. एक जरी सरदार फिरला, तर ठराव पडणार होता आणि तलाव जाणार होता गोंदियाच्या एका ठेकेदाराकडे. तो तर दोन वर्षांपासून टपूनच बसला होता. ढिवरांची सारी घरं त्या पाण्यावर जगत होती.

आता हे साहेब मध्येच कुठून उपटले, तर त्याचंही कारण मासाच होता. दोन्ही सरदार सरकारकडे अर्ज करायचे, की आमच्या पदवीला मान्यता द्या. सरकार कळवायचं, की पदव्या रद्द झाल्या आहेत. मग हे लिहायचे, की रद्द झाली असेल तर आधी ती आमची होती हे मान्य करा. ही चिकाटी बघून तालुक्याचे कारकून थक्क व्हायचे. एकोणऐंशी साली हे अर्ज भंडाऱ्याला परुळेकर साहेबांच्या टेबलावर पोचले. साहेब कोकणातले. बायकोमुलं तिकडेच. बंगल्यावरचा स्वयंपाकी माळकरी होता आणि 'मासा आवारात आला तर मी आवाराबाहेर' असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. वर्षभर दुधी आणि पडवळ खाल्लेल्या त्या माणसाने दादाजींच्या अर्जाची शेवटची ओळ वाचली: 'तलावातील मानाचा रोहू, वजन अंदाजे दहा शेर, आमचेच घरी येतो.' मग पुंडलिकरावांची वाचली: 'आमचेकडे कधी कधी बारा शेरही असतो.' साहेबांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या, घोट गिळला आणि स्थळ पाहणीचा हुकूम काढला. जाळं एकच टाकायचं, साहेबांसमोर टाकायचं, आणि दोन्ही सरदारांनी जातीने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हजर राहायचं.

कवडू गेल्यावर सखाबाई चुलीपाशी बसून नवऱ्याचा विचार ऐकत होती.

"जाळं फाटलं म्हनून सांगतो," मंगरू म्हणाला.

"साहेब म्हनन, शिवा."

"मले ताप आला म्हनतो."

"साहेब म्हनन, दुसरा ढीवर आना."

"मंग मासाच नाही गावला म्हनतो!"

"म्हना ना. साहेब लिहून नेईन का तलावात मासाच नाही. मंग आपली सोसायटी कायले पायजे? ठेकेदार आला म्हनून समजा."

मंगरूने डोकं खाजवलं. "मधून कापतो."

"मुंडकं कोनाले देता आन शेपूट कोनाले?"

यावर मंगरूने पुन्हा अंगठा तोंडात घातला. सखाबाईला त्याची दया आली. पाण्यात हा माणूस वाघ होता. मासा कुठे दडलाय ते पाण्याच्या रंगावरून सांगायचा. कोरड्या जमिनीवर मात्र त्याचं काही चालत नसे.

"तुमी मासा पकडा," ती म्हणाली. "चांगला मोठा पकडा. पुढचं पुढं पाहू."

ठरल्या दिवशी सोनबोडीत मंडईसारखी गर्दी जमली. सानगडीहून लोक बैलगाड्या जुंपून आले. तलावाच्या पाळीवर एका टोकाला छत्रीखाली दादाजी, दुसऱ्या टोकाला छत्रीखाली पुंडलिकराव. दोघांच्याही डोक्यावर पागोटं. दादाजी सत्तरीच्या पुढचे, काटक, ताठ बसलेले. पुंडलिकराव अंगाने भरलेले आणि घामाघूम. मधोमध पंचायतीची खुर्ची टाकून परुळेकर साहेब बसले होते. पाणी बघूनच त्यांचा चेहरा उजळला होता.

"अहो, हे तर केवढं मोठं आहे!" ते कवडूला म्हणाले. "आणि मासा नक्की दहा शेरांचा असतो ना?"

"आता तुमच्या नशिबानं, साहेब."

मंगरू डोंग्यात उभा राहिला. त्याला वाटलं, आज एखादं फुटकं मडकं आलं तरी बरं. पण हात सवयीचे होते. जाळं असं सुंदर गोल पसरलं की साहेब खुर्चीवरून उठलेच. मंगरूने दोर ओढला. जाळं जड होतं.

तो रोहू साधा नव्हता. त्याला पाळीवर आणायला मंगरूला दोन्ही हातांनी कवटाळावं लागलं. पाळीवर शिट्ट्या वाजल्या, आयाबायांनी तोंडावर हात ठेवले. साहेबांनी तर, ते सरकारी अधिकारी आहेत हे विसरून, "आई गं!" असा उद्गार काढला. सखाबाईने सूप पुढे केलं, पळसाची पानं नीट केली, माशाच्या डोक्याला कुंकू लावलं.

मग सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या.

"हं," साहेब म्हणाले. "आता तुमच्या रीतीप्रमाणे करा. हा मासा कोणाकडे जातो?"

मंगरू सूप घेऊन उभा राहिला. डाव्या हाताला दादाजींची वाट, उजव्या हाताला पुंडलिकरावांची. त्याने डावीकडे पाहिलं. दादाजी आकाशाकडे बघत होते. त्याने उजवीकडे पाहिलं. पुंडलिकराव आपल्या जोड्याची वादी बघत होते. दोघांपैकी एकाची मान आज अख्ख्या पंचक्रोशीसमोर खाली जाणार होती, आणि ती खाली घालणारा हात आपला असेल, या विचाराने त्याला रडू यायला लागलं. त्याला ठेकेदारही आठवला, पण तो नंतर.

"मंगरू, चला," साहेब म्हणाले.

"थांबा, साहेब!" सखाबाई पुढे आली. पदर डोक्यावर, आवाज खणखणीत. "एक इचारू का?"

"विचारा."

"सरदारकी देल्ली कोनं?"

"राजांनी. दोन्ही अर्जांत तसंच आहे."

"काहून देल्ली?"

साहेबांनी सुपाकडे पाहिलं. "मासा खाऊन."

"बराबर. आधी राजानं मासा खाल्ला, मंग सरदारकी देल्ली. आता राजा नाही. आता सरकार हाये. मंग सरकार मासा न खाता सरदारकीचा निकाल कसा करते, बापा?"

पाळीवर कुजबुज उठली. परुळेकर साहेब कायद्याचे पक्के होते. बत्तीस कलमं पाठ असलेला माणूस, पण एवढा बिनतोड मुद्दा त्यांच्यापुढे आजवर कोणी मांडला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मुद्दा विचार करण्यासारखा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "चौकशी पूर्ण व्हायची तर मासा खावाच लागेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगरूने सूप साहेबांच्या पायाशी ठेवलं. पण संकट एवढ्यावर टळणार नव्हतं, कारण पुंडलिकराव उठून उभे राहिले.

"साहेब, जेवन आमच्या घरी! मोठा चौक हाये."

"साहेब जेवन तं माया घरी," दादाजी आकाशाकडे बघतच म्हणाले. "गोदावरीच्या हातचा मासा खाल्ला नाही तं कायचा मासा खाल्ला?"

"सत्यभामाच्या हातचा खाल्ला का तुमी कधी?" पुंडलिकराव कडाडले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण भावाशी बोललो. दादाजींच्याही लक्षात आलं. गावाच्या तर केव्हाच लक्षात आलं होतं. दोघेही गडबडून पुन्हा आपापल्या छत्रीखाली बसले.

"इथंच रांधू," सखाबाईने सांगून टाकलं. "पाळ कोनाच्याच बापाची नाही. दोनी घरच्या बायाइनं इथं यावं."

अशा रीतीने पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली गेली. दादाजींच्या गोदावरीबाई मसाल्याचा पाटा घेऊन आल्या, पुंडलिकरावांच्या सत्यभामाबाई घरच्या तांदळाची टोपली घेऊन. दोन घरांचं बोलणं बंद, म्हणून गाव श्वास रोखून बघत होता. गोदावरीबाईंनी मागे न बघता हात पसरला. सत्यभामाबाईंनी त्यात हळदीचा डबा ठेवला. सत्यभामाबाईंनी फोडणीत मीठ टाकण्याआधी नुसती मान वर केली आणि गोदावरीबाई म्हणाल्या, "अदिक नको, त्याइले बीपी हाये." हे 'त्याइले' म्हणजे पुंडलिकराव. आपल्या जावेच्या नवऱ्याचं बीपी गोदावरीबाईंना कसं ठाऊक, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. कोणत्या घरातली भाजी कोणत्या घरात पोचवायची, हे काम सखाबाई कित्येक वर्षं करत होती. तेवढं मात्र मंगरूलाही ठाऊक नव्हतं.

साहेब जेवायला बसले. पळसाच्या पत्रावळीवर वाफाळता भात, त्यावर लालभडक रस्सा, आणि मुंडक्याचा मोठा तुकडा. एका बाजूला दादाजी वाढायला उभे, दुसऱ्या बाजूला पुंडलिकराव. साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्सा तिखट होता, पण पाणी त्याचं नव्हतं. वर्षभर पडवळ खाऊन राहिलेल्या माणसाला आपलं घर आठवलं होतं. ते पत्रावळ स्वच्छ होईपर्यंत जेवले. शेवटी बोटं चाटली, मुंडक्यात काही उरलं नाही ना हे पाहिलं आणि भरून आलेल्या आवाजात म्हणाले, "वा, सरदार!"

दोन्ही भावांच्या छात्या एकदम फुगल्या. म्हटलं कोणाला? साहेबांची मान खाली होती. मंगरू अगदी समोर होता, म्हणून त्याला दिसलं की साहेब माशाच्या मुंडक्याकडे बघत होते. त्याने तोंड बंद ठेवलं.

जेवणं झाली. साहेब मोहाखाली आडवे झाले आणि घोरायला लागले. मंगरू डोंगा धूत होता, तेवढ्यात पुंडलिकराव खोकत आले.

"मंगरू, एक सांगतो. भाऊले सांगशीन नको."

"नाही, मालक."

"पुढच्या सालपासून तुयं सूप माया घरी उशिरा आन. आधी भाऊच्या घरी पोचू दे. बुढा मानूस, बंगईवर बसून बसून त्याची कंबर धरते."

मंगरूच्या हातातलं टोपलं पाण्यात पडलं. "मालक... तुमाले मालूम हाये?"

"एका साली ताप होता मले. साकोलीले दवाखान्यात जाऊन राहिलो होतो. पायतो तं सखाबाई सूप घेऊन भाऊच्या दारात. मी घरी परतलो, तं तू माया दारात." पुंडलिकराव हसले. "पन भाऊले कळू देऊ नको गा. त्याचा जीव हाये त्या माश्यात. तो खचन."

ते गेले. मंगरू अजून पाण्यात हात घालून टोपलं चाचपत होता, तोच काठीचा आवाज आला. दादाजी होते.

"मंगरू, पुंडलिकले मोठा मासा देत जाय. त्याच्याकडं खानारे लय हायेत. मले लहान चालते."

मंगरूला आता नवल वाटायचंही राहिलं नव्हतं. "तुमाले कोनं सांगतलं, मालक?"

"कोन सांगन? दोन मासे काढाचा सल्ला तुया बापाले माया बापानंच देल्ला होता. या पाळीवरच. मी होतो संग." दादाजी काठी टेकून खाली बसले. "बाप म्हने, एकाच्या घरी मासा गेला तं दुसऱ्याचं घर मोडन. घर मोडाची सरदारकी कायले पायजे?"

"मंग अर्ज कायले करता, मालक?"

दादाजींनी तलावाकडे पाहिलं. पलीकडे पुंडलिकराव पागोटं काढून टक्कल पुसत होते.

"जमीन गेली, मालगुजारी गेली. भांडन हाये म्हनून लोक इचारते तरी, का खरा सरदार कोन. भांडन मिटलं तं दोन बुढे उरन, दुसरं काय?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पुंडलिकले सांगशीन नको. तो हळवा हाये. त्याले वाटते मासा एकच हाये."

मंगरूने दोघांनाही वचन दिलं. आपल्या बापाची सगळ्यात मोठी हुशारी बापाची नव्हतीच, हे कळूनही त्याला वाईट वाटलं नाही. ज्यांना आपण इतकी वर्षं फसवतोय असं तो समजत होता, ते दोघे त्याला आज पहिल्यांदा खरेखुरे सरदार वाटले. त्याने वाकून दादाजींच्या पायाला हात लावला.

पंधरवड्याने पंचायतीची सभा भरली. तलावाचा ठराव आला आणि दादाजींचा हात वर गेला, पुंडलिकरावांचाही गेला. मागोमाग सगळ्यांचे गेले. ठेकेदाराचा माणूस दारातूनच परत फिरला. तलाव राहिला. ढिवरांच्या वस्तीत त्या दिवशी गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांतून भंडाऱ्याला नवे अर्ज गेले. सरकारने स्थळ पाहणीच्या वेळी सर्वांदेखत आपणासच 'सरदार' म्हणून संबोधले, सबब तशी नोंद व्हावी, असं दोघांनीही लिहिलं होतं. परुळेकर साहेबांनी दोन्ही अर्ज अगदी मन लावून वाचले. आपण नेमके कोणाकडे पाहत होतो, हे त्यांना नीट आठवेना. प्रकरण गुंतागुंतीचं होतं, फेरचौकशीशिवाय गत्यंतर नव्हतं. तारीख त्यांनी स्वतःच ठरवली: पुढच्या होळीनंतर, तलावात पहिलं जाळं पडेल तो दिवस.

कवडू हा निरोप घेऊन आला तेव्हा मंगरू जाळंच शिवत होता. या वेळी सुई जाळ्यातच गेली. त्याने सखाबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टांगलेली सुपं झटकत होती. दोन सुपं तिने खुंटीला परत लावली आणि जरा विचार करून म्हणाली, "बाजारातून आनखी एक आना."